बारावीचं इंग्रजी काढू नका, पण हे असं शिकवूही नका

मागच्या दिवाळीच्या आसपासची गोष्ट. माझी एक जुनी विद्यार्थिनी, दांडेकर पुलाजवळ राहते, बारावी कॉमर्स झाली आणि कर्वे रोडवरच्या एका ऑफिसात बॅक ऑफिसला लागली, ती संध्याकाळी घरी आली आणि म्हणाली मॅडम, एक मेल बघून द्या ना. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, दोन दिवस सुट्टी हवी होती, साहेबांना तोंडी सांगून झालं होतं पण साहेब म्हणाले मेल टाक. एवढंच. मोबाइलवर तिने काहीतरी लिहून ठेवलं होतं पण ते दाखवायला तिला लाज वाटत होती. शेवटी दाखवलं. सुरुवात होती 'विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट दॅट आय ॲम अ स्टुडंट ऑफ युवर कॉलेज'. स्टुडंट खोडून तिने एम्प्लॉई केलं होतं, कॉलेजचं ऑफिस करायचं राहिलं होतं, आणि पुढे सगळं कोरं. पाठ केलेला अर्ज तिथपर्यंतच पुरला, पुढे आजी, आजीचा डोळा, मंगळवार आणि बुधवार हे सगळं स्वतःच्या मनाने लिहायचं होतं आणि ते तिला कुणी कधी लिहायला लावलंच नव्हतं.

या मुलीला बारावीला इंग्रजीत ७१ मार्क होते. तिला मीच शिकवलं होतं.

ती गेल्यावर मी बराच वेळ तशीच बसून होते. गेली अठरा वर्षं मी पुण्यात ज्युनिअर कॉलेजला इंग्रजी शिकवते, आणि आज हे लिहायला बसले कारण अकरावी-बारावीला इंग्रजी सक्तीचं असावं का हा विषय अधूनमधून वर येतो आणि दर वेळी त्याच दोन बाजू ऐकू येतात. एक बाजू म्हणते काढून टाका, गावाकडची पोरं त्या एका विषयापायी उगाच नापास होतात. दुसरी म्हणते इंग्रजीशिवाय जगात पान हलत नाही, आहे तसं चालू द्या. मला दोन्ही पटत नाहीत. सक्ती काढली तर फटका बसेल तो नेमका ज्याच्या घरात इंग्रजी नाही त्या पोराला, म्हणून ती राहिलीच पाहिजे. पण सक्ती ठेवायची तर आजचा पेपर बदलायला लागेल, कारण त्या पेपरात ७१ मिळवूनही सुट्टीच्या तीन ओळी लिहिता येत नसतील तर आपण दोन वर्षं त्या मुलीला वर्गात कशासाठी बसवलं याचं उत्तर माझ्याकडे तरी नाही.

मे २०२४ मध्ये आपल्या सदाशिव पेठेतल्या, कुमठेकर रस्त्यावरच्या एससीईआरटीने, म्हणजे अभ्यासक्रम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा लोकांसमोर ठेवला होता. त्यात अकरावी-बारावीला दोन भाषा, त्यातली एक भारतीय असलीच पाहिजे, आणि इंग्रजी गेली परदेशी भाषांच्या रांगेत, म्हणजे घ्यायची तर घ्या नाहीतर नका घेऊ. आमच्या स्टाफरूममध्ये त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता, पण खरं सांगायचं तर बोलणं बहुतेक वर्कलोडचं चाललं होतं, तासिका कमी होतील, कुणाचं काय होईल, पोरांचं काय होईल हे फार कुणी बोललं नाही. मग २०२५ ला पहिलीपासून हिंदीचा वाद पेटला, १६ एप्रिलचा जीआर आला, मग १७ जूनचा आला, मग २९ जूनला दोन्ही रद्द झाले, सगळा महाराष्ट्र पहिलीतल्या लेकरांच्या भाषेवर बोलत होता आणि बोलायलाच हवं होतं. पण त्या गडबडीत सतरा-अठरा वर्षांच्या पोरांच्या भाषेचं काय हा प्रश्न मागे पडला तो पडलाच. त्यांना तर दोन वर्षांत थेट दुनियेत उतरायचं असतं.

आता बघा, विषय ऐच्छिक केला तर तो सोडणार कोण? कोथरूड-औंधमधलं जे पोर इंग्रजी माध्यमातून आलंय, ज्याच्या घरी जेवताना सुद्धा अर्धं बोलणं इंग्रजीत होतं, ते कशाला सोडेल, त्याला तो स्कोअरिंग विषय आहे. आणि सोडला तरी त्याचं काही बिघडत नाही, भाषा घरात आहेच. सोडणार ते जनता वसाहतीच्या झोपडपट्टीतलं पोर, सोडणार ती वेल्ह्याहून, मुळशीच्या आतल्या गावातून एसटीने नाहीतर पीएमपीने दीड-दोन तास प्रवास करून येणारी मुलगी, कारण इंग्रजीचं नाव काढलं तरी तिच्या पोटात गोळा येतो आणि घरी विचारायला कुणी नसतं. तिला आपण म्हणणार की बाई तुला सवलत दिली. तिला पण बरं वाटेल, दोन वर्षं. त्यानंतर जे काही तिच्यापुढे येईल ते सगळं इंग्रजीत असेल. नीटची परीक्षा देऊन एमबीबीएसला जायचं तर बारावीला इंग्रजी हा विषय पास असावा लागतो. इंजिनिअरिंगची पुस्तकं इंग्रजी. लॉ केलं तर शिवाजीनगर कोर्टात मराठीत काम चालेल हो, पण हायकोर्टाची भाषा राज्यघटनेच्या कलम ३४८ प्रमाणे इंग्रजी आहे. शास्त्री रोडच्या अभ्यासिकांमध्ये रात्रीचा दिवस करणाऱ्या पोरांना विचारा, यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत इंग्रजीचा ३०० मार्कांचा सक्तीचा पेपर असतो, त्यात २५ टक्के पडले नाहीत तर बाकीचे पेपर विचारातच घेत नाहीत. म्हणजे सक्ती कुठेच जात नाही, ती फक्त कॉलेजातून उचलून पुढे ढकलली जाते, जिथे शिकवायला कुणी नसतं. मग ती मुलगी टिळक रोडवर नाहीतर डेक्कनला स्पोकन इंग्लिशचा बोर्ड बघून आत शिरते आणि तीन महिन्यांचे आठ-दहा हजार भरते. माझ्या ओळखीत अशा कितीतरी आयांनी सोनं गहाण ठेवून ही फी भरलेली आहे. जे सरकारी पगारावर मी शिकवायचं ते तिने विकत घ्यायचं, हे मला सहन होत नाही.

पुण्याला तर हे नवं नाहीच. चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हटलं ते सगळ्यांच्या तोंडी आहे, १८८० साली त्यांनी टिळक-आगरकरांबरोबर शाळा काढली तिच्या नावातच इंग्लिश आहे. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते सावित्रीबाईंचं. १८५४ साली छापलेल्या त्यांच्या कवितांमध्ये इंग्रजीला त्या माऊली म्हणतात. माऊली, म्हणजे आपण ज्ञानोबांना म्हणतो ना तेच. भिडेवाड्यात ज्या मुलींना त्या शिकवत होत्या त्यांच्यासारख्या मुलींना पेशव्यांच्या पुण्यात अक्षरओळख सुद्धा मिळू दिली नव्हती, आणि त्या मुलींच्या बाजूने बघितलं तेव्हा ही भाषा सावित्रीबाईंना दार उघडणारी वाटली. वाघिणीचं दूध पचवायला ताकद लागते असं म्हणायचं आणि मग ज्यांना ते मिळालंच नाही त्यांना अशक्त ठरवायचं हा जुना प्रकार आहे. सावित्रीबाईंनी तसं केलं नाही, त्यांनी शिका म्हटलं आणि शिकवायला स्वतः उभ्या राहिल्या. पुढे २००० साली शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांनी मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आणलं तेव्हाही केवढा विरोध झाला होता. त्यांचंही म्हणणं हेच होतं की खेड्यातल्या पोराने का मागे राहायचं. म्हणजे आज बारावीला बसलेलं मराठी माध्यमातलं पोर बारा वर्षं इंग्रजी शिकून आलेलं असतं. बारा वर्षं! आणि तरी त्याला तीन ओळी येत नाहीत, तर दोष पोरांच्या डोक्यात शोधायचा की आपल्या शिकवण्यात?

इथे कुणीतरी म्हणेल, मॅडम, तुम्ही इंग्रजीची बाजू घेताय आणि तिकडे मराठी मरतेय. मी मराठी माध्यमातून शिकले, सातारा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत, माझं मराठीवरचं प्रेम कुणापेक्षा कमी नाही. पण जरा ज्युनिअर कॉलेजात येऊन बघा मराठीला कोण खातंय. अकरावीला दुसरी भाषा म्हणून मराठी घ्यायची सक्ती नाही, सायन्सची बहुतेक पोरं आयटी म्हणजे माहिती तंत्रज्ञान घेतात, कारण भाषेच्या जागी तो विषय घेता येतो आणि मार्क पडतात. उरलेली जर्मन घेतात, संस्कृत घेतात, तेही मार्कांसाठीच. आमच्या मराठीच्या मॅडम सायन्सच्या चार तुकड्यांमधून मिळून एक वर्ग भरवतात. इंग्रजी ऐच्छिक केल्याने त्या वर्गात एकही डोकं वाढणार नाही. मराठीसाठी काही करायचं असेल तर भाषेच्या जागी आयटी घ्यायची ही वाट बंद करा आणि मराठी पण बारावीपर्यंत ठेवा, मी पहिली सही करेन. दोन्ही भाषा पोराला यायला हव्यात, एकीला काढून दुसरी जगत नाही.

आता पेपराकडे येते, कारण खरं दुखणं तिथे आहे.

बारावीचा इंग्रजीचा लेखी पेपर ८० मार्कांचा आणि तोंडी २० चा. लेखी म्हणजे ३४ मार्कांचं गद्य, १४ च्या कविता, १६ चं लेखनकौशल्य आणि १६ ची कादंबरी. पास व्हायला १०० पैकी ३५. २०२० पासून जे युवकभारतीचं पुस्तक आहे ते मुळात वाईट नाही, उलट माझ्या आधीच्या पुस्तकांपेक्षा बरंच चांगलं आहे. ईमेल आहे, गटचर्चा आहे, मुलाखत आहे, अपील आहे, ज्या कुणी समितीवर बसून हे घातलं त्यांना पोरांना काय लागतं हे माहीत होतं. पण परीक्षा काय करते बघा. गटचर्चा हा प्रश्न पेपरात येतो आणि पोराने एकट्याने बाकावर बसून तीन माणसांची गटचर्चा लिहून काढायची. पहिला काय म्हणाला, दुसरा काय म्हणाला, तिसरा काय म्हणाला, सगळं हाच लिहिणार, तेही क्लासमध्ये दिलेल्या साच्यातून, विषय कुठलाही येवो पहिली ओळ तीच. वर्षभरात त्याने कुणाशीही इंग्रजीत एक मिनिट चर्चा केलेली नसते. आणि ईमेलचं तर असं आहे की त्याच प्रश्नाला मुलाखतीचा पर्याय असतो, ईमेल किंवा बातमी किंवा मुलाखत. मुलाखतीत आठ-दहा प्रश्न लिहायचे असतात, ते प्रश्न पाठ केले की डॉक्टर येवो, खेळाडू येवो, शेतकरी येवो, थोडं इकडचं तिकडं केलं की झालं. त्यामुळे ऐंशीच्या वर्गातली सत्तर पोरं मुलाखत लिहितात. मी पण तेच सांगत आले की मुलाखत लिहा, मार्क सुरक्षित आहेत. त्या मुलीलाही मी तेच सांगितलं होतं. तिने दोन वर्षांत एकही ईमेल लिहिला नाही आणि नोकरीच्या पहिल्या महिन्यात तिला पहिलं काम पडलं ते ईमेलचंच.

कादंबरीचे १६ मार्क. कादंबरी कुणी वाचत नाही. अप्पा बळवंत चौकात जून-जुलैमध्ये जा, काउंटरवर पोरं काय मागतात ऐका, गाईड द्या, डायजेस्ट द्या, प्रश्नसंच द्या. मूळ पुस्तक मागणारं पोर मला अजून भेटायचंय. पात्रांची यादी, कोण कुणाचा कोण, कुठला प्रसंग कुठे घडतो, हे पाठ. अठरा वर्षांच्या मुलाने एक अख्खी गोष्ट इंग्रजीत वाचून संपवली असा अनुभव, जो एकदा आला की भीतीच मोडते, तो या १६ मार्कांनी एकालाही दिला नाही.

आणि तोंडी परीक्षा. ही मात्र मला मोकळेपणाने सांगायला हवी, कारण ती घेणाऱ्यांत मी आहे. २० मार्क बोलण्याला, ऐकण्याला म्हणून ठेवलेत. कागदावर फार चांगलं. प्रत्यक्षात एका तुकडीत ऐंशी-शंभर पोरं, दोन दिवसांत उरकायचं, एकेकाला तीन मिनिटं पण येत नाहीत. पोर आत येतं, घामाघूम, 'मायसेल्फ अमुक तमुक, माय फादर इज, माय हॉबी इज' हे पाठ केलेलं म्हणतं आणि मी १७ देते. जे बोलूच शकत नाही, नुसतं खाली बघतं, त्यालाही १५ देते. का देते? कारण लेखीत त्याला २० पडले तरी ते पास व्हावं म्हणून. त्याचं वर्ष वाचतं. मला त्या क्षणी दुसरं काही सुचत नाही आणि कुठल्याच शिक्षकाला सुचत नाही. पण मग काय होतं, त्या २० मार्कांचा अर्थच उरत नाही, आणि पोरांना हे बरोबर कळतं की बोलता येणं न येणं सारखंच आहे.

सायन्सच्या वर्गांबद्दल थोडंच सांगते, कारण तिथे सांगण्यासारखं थोडंच उरलंय. क्लासवाल्यांशी जोडलेल्या इंटिग्रेटेड कॉलेजांमध्ये पोरं आमच्या तासाला येतच नाहीत, जेईई, नीट, सीईटी यात इंग्रजी कुठेच विचारत नाहीत. जेईईतून आयआयटी-एनआयटीला जायचं तर बोर्डात ७५ टक्के लागतात, त्यात एक भाषा धरतात, म्हणून जानेवारीत आठ दिवस इंग्रजी. मला जास्त काळजी वाटते ती दहावीपर्यंत मराठी माध्यमात असलेल्या सायन्सच्या पोरांची. सेमीची पोरं, म्हणजे शाळेत गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकलेली, निभावून नेतात, पण पूर्ण मराठीतून आलेल्या पोराला जूनमध्ये एकदम सगळी पुस्तकं इंग्रजीत हातात पडतात. ज्याला तो प्रकाशसंश्लेषण म्हणत होता, ज्याला पेशी म्हणत होता, ज्याला त्वरण म्हणत होता, ते सगळं त्याला येतं, पण आता नावं बदलली. हुशार पोरं अकरावीत अचानक गप्प होतात ती इथे. बायोलॉजीचे सर म्हणतात भाषा शिकवणं माझं काम नाही. मग ते माझं काम आहे ना? मी त्याच महिन्यात वर्गात काय घेत असते, तर एखाद्या उताऱ्यातल्या वाक्याचं 'नो सूनर दॅन' करून द्या. त्या पोराला त्या वेळी त्याच्या बायोलॉजीच्या पुस्तकाचं एक पान माझ्याबरोबर बसून वाचायची गरज असते, वाक्य कुठे सुरू झालं, 'विच' कुणाला लागतंय, हे एकदा धरता आलं की पुढचं तो स्वतः वाचतो. मी दोन वर्षांपूर्वी एका तुकडीत हे करून बघितलं, जुलै-ऑगस्टचे शुक्रवारचे तास त्यांच्याच पुस्तकांना दिले. पोरं तासाला येऊ लागली, एवढं मी शपथेवर सांगते.

आता नापास होणाऱ्यांचं. सक्ती काढा म्हणणाऱ्यांचा हा मुद्दा खोटा नाही आणि मी तो झटकणार नाही. बारावीची परीक्षा सुरूच इंग्रजीच्या पेपरने होते, फेब्रुवारीत सकाळी अकरा वाजता, राज्यभरात चौदा-पंधरा लाख पोरं एका वेळी. पहिल्याच दिवशी ज्याची भीती तोच पेपर, कित्येक पोरं तिथेच मनाने खचतात. माझा एक विद्यार्थी आहे, आर्ट्सचा, वडील मार्केट यार्डात तरकारी विभागात हमाली करतात, तो स्वतः पण पहाटे तिथे हात लावतो आणि मग कॉलेजला येतो. बाकी सगळ्या विषयांत पास, इतिहासात ६८, आणि इंग्रजीत दोनदा गेला. एकदा तीन मार्कांनी, एकदा पाच. त्या पाच मार्कांनी त्याचं पोलीस भरतीचं एक वर्ष गेलं. त्याच्या आईने मला विचारलं, मॅडम ह्या एका इंग्रजीनं काय घोडं मारलंय ओ आमचं? मला त्या बाईला उत्तर देता आलं नाही.

पण त्याच पोराचा वर्गातला एक तास मी विसरत नाही. दिलीप चित्रेंची एक कविता बारावीला आहे, दिवसभर काम करून वडील उशिरा लोकलने घरी येतात, कपडे भिजलेले, रेनकोटला चिखल लागलेला, बॅगेत कोंबलेली पुस्तकं, घरी पाणचट चहा आणि शिळी चपाती, आणि मुलं त्यांच्याशी फारसं बोलत नाहीत. चित्रे आपल्या पुण्यातच राहिले, इथेच २००९ ला गेले, तुकोबांचे अभंग त्यांनी इंग्रजीत नेले. पेपरात या कवितेवर रसग्रहण येतं, चार मार्क, विषय काय, अलंकार कुठले, संदेश काय, गाईडमध्ये तयार मिळतं. त्या दिवशी मला काय वाटलं माहीत नाही, मी पुस्तक मिटलं आणि मराठीत विचारलं, तुमचे वडील घरी आल्यावर पहिल्यांदा काय करतात सांगा. आधी कुणी बोलेना. मग एक म्हणाली चप्पल काढून तिथेच बसतात. एक म्हणाला टीव्हीचा रिमोट मागतात. एकीने सांगितलं माझे पप्पा रिक्षातच दहा मिनिटं बसून राहतात, मग वर येतात. बघता बघता सगळा वर्ग बोलायला लागला. मग मी म्हटलं आता हेच इंग्रजीत लिहा, दोन वाक्यं, चुकलं तरी चालेल. हा मार्केट यार्डवाला मुलगा मागच्या बाकावर, त्याने लिहिलं, 'माय फादर कम्स होम व्हेन आय गो टू कॉलेज. हिज हँड्स स्मेल ऑनियन.'

मी ते वाक्य फळ्यावर लिहिलं. 'स्मेल'च्या पुढे 'ऑफ' लागतो तेवढा घातला आणि का लागतो ते सांगितलं, आणि त्या एका 'ऑफ'साठी ऐंशी पोरं फळ्याकडे बघत होती, व्याकरणाचा इतका चांगला तास माझ्याकडून त्याआधी झाला नव्हता. तोच मुलगा फेब्रुवारीत नापास झाला, कारण या वाक्याला पेपरात जागाच नव्हती.

म्हणून मला वाटतं की दोन पातळ्यांचा पेपर करावा. हे काही जगावेगळं नाही, सीबीएसईने २०२० पासून दहावीच्या गणिताला बेसिक आणि स्टँडर्ड असे दोन पेपर केले, आपल्याकडेही दहावीला सामान्य गणित होतंच की. इंग्रजीचं तसं करा. एक पातळी कामाच्या इंग्रजीची, त्यात कादंबरी नको, अलंकार नकोत, फॉर्म भरता येणं, मेल लिहिणं, सूचना वाचून कळणं, फोनवर दोन मिनिटं बोलणं, आपल्याबद्दल खरं काहीतरी सांगता येणं. आणि दुसरी पातळी ज्याला साहित्य वाचायचंय, पुढे भाषेत काही करायचंय त्याच्यासाठी, तिथे कादंबरी ठेवा पण मूळ पुस्तक परीक्षेला शेजारी ठेवू द्या म्हणजे ते वाचायला लागेल. कुठली पातळी घ्यायची हे पोराने ठरवावं आणि दोन्हींवर पुढचे दरवाजे सारखेच उघडे असावेत, ही अट मात्र हवीच, नाहीतर कामाचं इंग्रजी म्हणजे गरिबांचं इंग्रजी असा शिक्का बसायला वेळ लागणार नाही. डिक्शनरी परीक्षेला नेऊ द्या, जगात कुठल्या ऑफिसात डिक्शनरी बघायला बंदी आहे?

आणि बोलण्याचे मार्क २० चे ४० करा आणि ते बाहेरच्या परीक्षकाने द्यावेत. यावर लगेच ऐकायला मिळतं की लाखो पोरांची तोंडी कशी घेणार, अशक्य आहे. अहो, सायन्सची प्रॅक्टिकल दरवर्षी होतात ना? दुसऱ्या कॉलेजचे परीक्षक येतात, बॅचेस पाडतात, दिवसभर बसतात, पोरं टायट्रेशन करतात, व्हायवा देतात. टायट्रेशनसाठी जे जमतं ते बोलण्यासाठी का जमू नये? फिजिक्सला आपण प्रॅक्टिकल मानतो आणि भाषेला मानत नाही, खरं तर भाषेएवढं प्रॅक्टिकल काही नाही. त्यासाठी शिक्षक लागतील, रिकाम्या जागा भराव्या लागतील, ऐंशीचा वर्ग आठवड्यातून एक-दोन तास तरी चाळीसचा करावा लागेल. पैसे लागतील. पण ते आत्ताही लागतातच, आत्ता ते पोरांच्या आया भरतात.

काही जण हल्ली असंही म्हणतात की मोबाइलच मेल लिहून देतो, शिकायचंय कशाला. त्या मुलीकडेही मोबाइल होता. तिने आधी त्यातूनच लिहून घेतलं होतं, दहा ओळींचा मेल आला, त्यात आजीला गंभीर आजार झालाय असं काहीतरी आलं होतं, तिला ते बरोबर आहे का चूक हे कळेना आणि साहेबांकडे खोटं जाईल म्हणून तिने पुसून टाकलं. वाचून कळलं नाही तर लिहून मिळालेलं काय कामाचं.

वर्गात मराठी वापरा, हे मी आता प्रत्येक नव्या शिक्षकाला सांगते. आम्हाला बीएडला शिकवलं होतं की इंग्रजीच्या तासाला इंग्रजीच बोला. मी आधीची दहा वर्षं तसंच केलं आणि मागचे चार बाक त्या दहा वर्षांत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. पोराच्या डोक्यात जे आहे ते मराठीत आहे, ते आधी बाहेर तर येऊ द्या.

त्या दिवशी मेलचं आम्ही असं केलं. मी म्हटलं मला मराठीत सांग, साहेब समोर उभे आहेत, काय सांगशील? ती म्हणाली, सर, माझ्या आजीचं डोळ्याचं ऑपरेशन आहे, मंगळवार-बुधवार मला सुट्टी पाहिजे, गुरुवारी मी येते. म्हटलं, आता हीच तीन वाक्यं. तिने लिहिली. एकदा 'ऑपरेशन'चं स्पेलिंग विचारलं, एकदा 'ऑन ट्यूसडे' का 'इन ट्यूसडे' विचारलं, बाकी सगळं तिचं. सेंड करायच्या आधी तिने ते दोनदा मोठ्याने वाचलं. साहेबांचं उत्तर दहा मिनिटांत आलं, ओके, टेक केअर ऑफ हर. तिने ते पण मला वाचून दाखवलं.

आणि तो मार्केट यार्डवाला जुलैत परत बसतोय. रविवारी साडेदहाला घरी येतो, यार्डातून थेट, आंघोळ करून आलो म्हणतो पण कांद्याचा वास असतोच. दोन रविवार आम्ही मुलाखत आणि गटचर्चा केली, कारण ३५ तर काढायचेच आहेत. तिसऱ्या रविवारी त्याने पिशवीतून एक मळलेली पुस्तिका काढली, ज्या गाळ्यावर काम करतो तिथे नवीन इलेक्ट्रॉनिक वजनकाटा आलाय त्याची. म्हणाला, मॅडम, शेठला पण कळत नाहीये, आपण हे वाचू या का? सध्या चौथ्या पानावर आहोत.